प्रतिवादी खात नाही

१ मार्च, सकाळी ९.४०

आजपासून ही वही. हेतू एकच: जे घडेल ते त्याच दिवशी, भावनेचा लेप न लावता लिहून ठेवावे, म्हणजे महिनाअखेर कोणास पळवाट उरणार नाही. कोणास म्हणजे मेहुण्यास.

वस्तुस्थिती अशी. मुलगी काल आपली कुत्री माझ्याकडे सोडून महिन्याभराच्या ट्रेनिंगला गेली. परतल्यावर ती ज्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहे तेथे कुत्री ठेवू देत नाहीत. म्हणजे कुत्री कायमची एक तर माझ्याकडे राहील, नाहीतर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या मामाकडे. मुलगी जाताना म्हणाली, बाबा, पहिली संधी तुम्हाला. ती खाण्याचे फार नखरे करते. तीस तारखेपर्यंत ती स्वतःचं खाणं नीट खायला लागली आणि डॉक्टर म्हणाल्या वजन बरोबर आहे, तर ती तुमची. नाहीतर मामा आहेच.

‘मामा आहेच’ हे शब्द मी अधोरेखित करतो.

मला कुत्र्यांची हौस नाही, हेही नोंदवतो. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसास सोबतीसाठी चतुष्पाद लागत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या निवृत्तीच्या समारंभात, बत्तीस माणसांदेखत, मेहुणा म्हणाला होता, आमचे भाऊजी वादात आजवर कधी हरले नाहीत, म्हणून तर जेवायला एकटेच बसतात. लोक हसले. सर्वांत जास्त ही हसली, त्याचीच बहीण. हिला जाऊन आता तीन वर्षे झाली. त्या वाक्याचे उत्तर मात्र अजून द्यायचे राहिले आहे.

तीस तारखेस देईन.

कुत्री: वय चार, रंग दुधाच्या चहाचा, डावा कान उभा, उजवा पडलेला. मुलीने ठेवलेले नाव इतके लाडिक आहे की ते या वहीत येणार नाही. येथे ती ‘प्रतिवादी’.

२ मार्च, सकाळी ८.५०

मुलीने ठेवलेले दाणेदार खाद्य मोजून स्टीलच्या वाटीत घातले. प्रतिवादीने वाटी हुंगली, दोन पावले मागे सरली आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू दुसऱ्याचे पार्सल तिच्या दारात आले आहे. खाल्ले नाही. नाश्त्याच्या वेळी मात्र टेबलाशी, माझ्या डाव्या हाताला, हिच्या खुर्चीवर चढून बसली. उतर म्हटले. उतरली नाही. मी पुढे लक्ष दिले नाही, वर्तमानपत्र वाचले.

माझा नाश्ता ठरलेला आहे: दोन टोस्ट, लोणी, एक उकडलेले अंडे, चीजचा एक तुकडा. चाळीस वर्षांत त्यात बदल नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

३ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वय तिशीच्या आत, बोलणे कात्रीसारखे. प्रतिवादीचे वजन चौदा किलो दोनशे. अगदी योग्य, म्हणाल्या. पोट नाजूक आहे, अंगाला खाज येते, म्हणून फक्त चांगल्या प्रतीचे कुत्र्यांचे खाद्य. वाटी ठेवायची, पंधरा मिनिटांनी उचलायची, मध्ये बोलायचे नाही, विनवायचे नाही. आणि टेबलावरचे काहीही द्यायचे नाही. काहीही म्हणजे बिस्किटाचा चुरासुद्धा नाही, सर.

मी म्हटले, बाई, माझ्या घरी नियम मोडला जात नाही.

मेहुणा गाडी चालवण्याच्या निमित्ताने बरोबर आला होता. टेलर आहे, गळ्यातली मापाची टेप दवाखान्यातही उतरवत नाही. म्हणाला, डॉक्टर, काळजीच नको. आमच्या भाऊजींच्या टेबलावरचं अजून कुणाला काही मिळालेलं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या. मेहुण्याच्या नावापुढे आणखी एक नोंद.

४ मार्च, दुपार

खाद्याची निवड. घाईने निवडतो तो नुसता ग्राहक. मी निकष ठरवून गेलो. एक, घटकांच्या यादीत पहिले नाव मांसाचे असावे. दोन, ते कोणत्या प्राण्याचे हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘मांसजन्य पदार्थ’ हा शब्द म्हणजे आरोपीने नाव न सांगणे. तीन, तेच खाद्य संपूर्ण आहार म्हणून पुरेसे असल्याचा उल्लेख. चार, वयोगट. पाच, मुदत.

दुकानात एका पिशवीवर आरशासारख्या चमकणाऱ्या कुत्र्याचा फोटो होता. हा कुत्रा हेच खाऊन चमकतो यास पुरावा काय, असे दुकानदारास विचारले. तो म्हणाला, सर, तो फोटो कॉम्प्युटरवर चमकवलेला असतो. प्रामाणिक उत्तर, पण त्यामुळे उरलेल्या सर्व पिशव्यांवरचा माझा विश्वास उडाला. डब्यातल्या ओल्या खाद्यात पाणीच फार असते, तेव्हा पाणी वजा केल्याशिवाय त्यातले प्रोटीन आणि कोरड्यातले प्रोटीन यांची तुलना करू नये, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्याच बिलबुकावर समजावून दिले. वीस मिनिटे लागली. मागे उभी असलेली, मांजराचा पिंजरा घेतलेली बाई निघून गेली. शिकण्याची तयारी हल्ली कमी.

बरोबर आलेला मेहुणा खालच्या फळीवरची एक साधी तपकिरी पिशवी दाखवून म्हणाला, भाऊजी, ही घ्या. हा दुकानदार स्वतःच्या कुत्र्याला हीच घालतो. दुकानदाराने मान डोलावली.

पिशवी तपासली. पाचही निकषांत बसत होती. विधान कोण करतो यावर त्याची सत्यता ठरत नाही, हे मी चौतीस वर्षे शिकवले. तथापि अपवाद असतात. नाकारली. दुसरी चार नमुन्याची पाकिटे घेतली.

६ मार्च, सकाळी ८.१५

प्रयोग. चार वाट्या, चार खाद्ये, प्रत्येकीखाली क्रमांकाची चिठ्ठी. प्रतिवादीने चारही हुंगल्या, परत पहिलीकडे आली, मग तिसऱ्या वाटीखालची चिठ्ठी ओढून चावून खाल्ली. खाद्य खाल्ले नाही. तरी कल स्पष्ट आहे. क्रमांक तीनची बारा किलोची पिशवी मागवली.

७ मार्च

क्रमांक तीन खाल्ले नाही.

८ मार्च

एखाद्या पदार्थाबद्दल मत देण्यापूर्वी तो चाखावा. क्रमांक तीनचा एक दाणा तोंडात टाकला. चव ओल्या पुठ्ठ्याची. शेवटी किंचित मासळी. दुसरा दाणा टाकत होतो, इतक्यात मेहुणा आला. रोज सकाळी सातला येऊन तो प्रतिवादीला अर्धा तास फिरवून आणतो. माझ्या घराची एक किल्ली हिने फार पूर्वी त्याला देऊन ठेवली होती आणि परत मागण्याचा प्रसंग येऊ शकला नाही.

मला चावताना पाहून तो क्षणभर दारात थांबला. मग म्हणाला, भाऊजी, लोणी लावून बघा, बरं लागेल.

नोंद.

१० मार्च, सकाळी ९.३०

पंधरा मिनिटांचा नियम आजपासून काटेकोर. साडेआठला वाटी ठेवली, घड्याळ लावले. चौथ्या मिनिटाला प्रतिवादी आडवी झाली. सहाव्या मिनिटाला मी तिला एवढेच सांगितले की उपाशी राहणे हा युक्तिवाद नव्हे, तो दबाव आहे, आणि दबावाखाली दिलेला निर्णय बंधनकारक नसतो. याला बोलणे म्हणता येणार नाही. हे निवेदन होते. ते संपले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. वाटी उचलायची राहिली.

नंतर दमून नाश्त्याला बसलो. ती खुर्चीवर होतीच. खालच्या मजल्यावरून शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला. तो मुद्दाम नाश्त्याच्या वेळी मशीन चालवतो.

११ मार्च

पोट भरत नाही. बेकरीतला ब्रेड हल्ली लहान येतो की काय? पाहणे.

१२ मार्च

दवाखान्यात वजन. चौदा किलो सातशे.

डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा पाहिला. म्हणाल्या, सर, ही खात नाही म्हणता ना? मग ही वाढतेय कशावर?

प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर एकच संभवते. (अ) प्रतिवादी माझे खाद्य खात नाही. (आ) प्रतिवादीचे वजन वाढते. (इ) हवेवर वजन वाढत नाही. म्हणून (ई) कोणीतरी तिला चोरून खाऊ घालत आहे. या घरात मी, प्रतिवादी आणि किल्ली असलेला एक इसम. प्रतिवादी स्वतःस खाऊ घालू शकत नाही. दोन वजा करता एकच उरतो.

इतका स्वच्छ निष्कर्ष गेल्या अनेक वर्षांत हाती आला नव्हता. बरे वाटले. हेतूही उघड आहे: मला नापास करायचे, कुत्री पदरात पाडून घ्यायची आणि पुन्हा कोणत्यातरी समारंभात उभे राहून दोन वाक्ये बोलायची.

१३ मार्च, सकाळी ८

पाळत. मेहुणा प्रतिवादीला घेऊन बाहेर पडल्यावर शंभर पावले अंतर राखून मागे गेलो. तो बागेला वळसा घालतो, वाटेत दोन बाकांशी थांबतो, कुत्रीशी सतत बोलतो. काय बोलतो ते ऐकू आले नाही. काही खाऊ घातले नाही. परत फिरताना वळून न पाहता मोठ्याने म्हणाला, भाऊजी, तुमच्या डाव्या बुटाची लेस सुटलीय, पडाल.

म्हणजे त्याला माझी चाहूल होती. म्हणूनच खाऊ घातले नाही. आज काही न दिसणे हाच सर्वांत भक्कम पुरावा.

१५ मार्च

बेकरीवाल्यास लेखी तक्रार दिली: स्लाइस पूर्वीपेक्षा लहान, दोन टोस्ट खाऊनही भूक राहते, अंडीही त्याच्याकडचीच आणि तीही लहान. त्याने पत्र काउंटरवर ठेवून वाचले, पट्टी आणून माझ्यासमोर स्लाइस मोजला आणि म्हणाला, काका, साचा माझ्या वडिलांच्या वेळचा आहे. ब्रेड तोच आहे, भूक वाढली असेल.

ग्राहकाच्या पोटावर संशय घेणारा व्यापारी! तीस तारखेनंतर त्यालाही पाहून घेईन.

१६ मार्च, संध्याकाळी

जिन्यात मेहुण्यास गाठले. सरळ विचारले, तू तिला काय घालतोस? म्हणाला, पट्टा. मी म्हटले, विनोद नको, खायला काय घालतोस? म्हणाला, मी कशाला घालू? तुमच्याकडे बारा किलो आहे. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, टेप काढली आणि मला काही सुचायच्या आत कमरेला लावली. भाऊजी, पँट दोन इंच सैल झालीय. द्या इकडे, आत घेतो. जेवता ना नीट?

विषय बदलण्याची ही पद्धत मला परिचित आहे. नापास होणारे विद्यार्थी तोंडी परीक्षेत असेच करीत. पँट दिली नाही. पट्ट्याला मात्र खिळ्याने नवीन भोक पाडावे लागले.

१८ मार्च

निव्वळ विजय पुरेसा नाही. तो लेखी हवा. कबुलीजबाबाचा मसुदा आज पूर्ण केला. सहा वेळा सुधारला. निकालाआधी नाव लिहिणे म्हणजे पूर्वग्रह, म्हणून नावाची जागा कोरी ठेवली आहे. येथे उतरवून ठेवतो.

‘मी, खाली सही करणार, लिहून देतो की, (१) कुत्रीस मनाई असलेले खाद्य चोरून खाऊ घालणारा मीच आहे. (२) हे करत असताना मी दुसऱ्या पक्षावर ठपका येऊ दिला, हे माझ्या बुद्धीस व वयास अशोभनीय होते. (३) प्रायश्चित्त म्हणून मी यापुढे दररोज सकाळी साडेआठ वाजता दुसऱ्या पक्षाच्या घरी हजर राहीन, त्याच्या टेबलाशी बसून, त्याच्या देखरेखीखाली कुत्रीस तिचे योग्य खाद्य देईन, आणि त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. यात सबब चालणार नाही.’

तिसरे कलम विशेष साधले आहे. तो रोज सकाळी येथे, माझ्यासमोर, गप्प बसलेला. कल्पनेनेच नाश्ता रुचकर लागला. खाता खाता प्रतिवादीला तिसरे कलम दोनदा वाचून दाखवले. तिने कान टवकारले; म्हणजे एकच टवकारला, दुसऱ्याला ते जमत नाही.

१९ मार्च

माझ्या डॉक्टरांकडे वार्षिक तपासणी. तीन किलोंनी उतरलो आहे. त्यांनी विचारले, चिंता आहे का? म्हटले, चिंता नाही, तयारी आहे.

२० मार्च, दुपारी ३

कॅमेरा घेतला. बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने विचारले, काका, कुणावर नजर ठेवायचीय, चोर की मोलकरीण? म्हटले, नातेवाईक. तो सहानुभूतीने हसला आणि जास्तीची वायर फुकट दिली.

पुस्तकांच्या कपाटावर, शब्दकोश आणि पृथ्वीच्या गोलामध्ये, असा ठेवला आहे की दार, वाटी आणि जेवणाचे टेबल तिन्ही एका चौकटीत यावीत. आवाजही टिपतो. उद्यापासून सलग आठ दिवस.

चित्रण मी स्वतः आधी पाहणार नाही. न्यायासनावर बसणाऱ्याने पुरावा खासगीत पाहू नये. तो सर्वांसमक्ष उघडावा. शिवाय मेहुण्याचा चेहरा पडतानाचा क्षण मला शिळा नको आहे.

२२ मार्च

ओले खाद्य, डब्यातले. हुंगले. डबा नाकाने ढकलत ढकलत बाल्कनीपर्यंत नेला आणि तेथे सोडला.

२३ मार्च

क्रमांक तीनवर कोमट पाणी. नाही.

२५ मार्च, दुपारी

जेवणानंतर आरामखुर्चीत वाचत असताना प्रतिवादी येऊन माझ्या उजव्या पावलावर डोके ठेवून झोपली. फरशी थंड आहे. तिला ऊब हवी असणार, कारण व परिणाम इतकेच. सव्वा तास झोपली. पायाला मुंग्या आल्या. पाय हलवला नाही. ती विश्रांती घेत असताना तिला उठवणे प्रक्रियेस धरून झाले नसते.

मुलीला फोनवर हे सांगितले नाही. तिने विचारले, बाबा, लळा लागला ना तिचा? म्हटले, हा प्रश्नच सूचक आहे. उत्तर त्यातच घुसडले आहेस. म्हणाली, बरं बाबा.

२७ मार्च

पंधरा किलो तीनशे. डॉक्टरीणबाई आता हसत नाहीत. पोटाला खाजवून लाल चट्टा पडला आहे. म्हणाल्या, सर, कोणीतरी हिला लोणी, चीज असं काहीतरी देतंय. थांबवा, प्लीज. नुकसान तिचं होतंय.

मेहुण्याने माझा द्वेष करावा; माझी हरकत नाही. पण त्यासाठी मुक्या जनावराच्या पोटात लोणी? तीस तारखेस त्याची गय होणार नाही. डॉक्टरीणबाईंना सुनावणीस येण्याची विनंती केली. सकाळी दहाला, दवाखान्याला जाता जाता डोकावते, म्हणाल्या.

२९ मार्च

तयारी पूर्ण. चार खुर्च्या, एक माझी, उंच पाठीची. कबुलीजबाबाच्या दोन प्रती. पेनात नवी शाई. प्रास्ताविक भाषण नऊ मिनिटांचे. आरशासमोर साडेआठ मिनिटांत झाले. मेहुण्यास फक्त एवढेच कळवले आहे की मुलगी परत येते आहे, चहाला ये. म्हणाला, येतो की भाऊजी, टोस्ट घेऊन येऊ? त्याचे निर्ढावलेपण पाहा.

३० मार्च, सकाळी ७

झोप छान लागली. अकरा वर्षे, चार महिने. आज.

३० मार्च, दुपारी १.२०

क्रमाने लिहितो.

दहा वाजून पाच मिनिटांनी सर्व हजर: मुलगी, मेहुणा, डॉक्टरीणबाई, प्रतिवादी. चहा झाला. प्रास्ताविक केले, मुलगी मध्येच म्हणाली, बाबा, डॉक्टरांना उशीर होतोय, म्हणून तीन मिनिटे गाळावी लागली. नंतर तिने लॅपटॉप लावला आणि एकवीस मार्चपासूनचे चित्रण सकाळी सातपासून पुढे पळवत दाखवले.

सात वाजता मेहुणा आत येतो. कुत्रीला पट्टा लावतो. जातो. साडेसातला येतो, पट्टा काढतो, वाटीतले कालचे पाणी ओतून ताजे भरतो. जातो. मी म्हटले, पुढे पाहा.

पुढे, आठ वाजून चाळीस मिनिटांनी, एक वृद्ध गृहस्थ टेबलाशी बसलेले दिसतात. चित्र स्पष्ट होते. गृहस्थांसमोर वर्तमानपत्र आहे. ते टोस्टला लोणी लावतात, मधोमध मोडतात, एक अर्धा आपल्या बशीत ठेवतात आणि दुसरा, वर्तमानपत्रावरून नजर न काढता, मान न वळवता, डावीकडच्या खुर्चीपुढे धरतात. म्हणतात, घे गं. खुर्चीवरची कुत्री तो अलगद घेते. दुसऱ्या टोस्टचे तेच. अंड्याचे तेच. चीज बहुतांश डावीकडे जाते. मध्ये मध्ये गृहस्थ बोलतात. मी त्याला सोडणार नाही, तू बघच, असे म्हणतात. आणि, तुझाच भाऊ आहे, तू त्याचीच बाजू घेणार, असेही.

बावीस तारीख, तेच. तेवीस, तेच. मुलीने थांबवायला हवे होते. तिने चोवीसही लावली. चोवीसला गृहस्थ म्हणतात, मोठा तुकडा तुला, नेहमीसारखा.

यावर माझे निरीक्षण एवढेच. बारा तारखेच्या अनुमानात संशयितांची यादी करताना मी स्वतःला वजा केले होते. वजा करण्याचे कारण लिहिलेले नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी पेपर वर्गात वाचून दाखवला असता.

मुलगी आधी हसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तेथे बराच वेळ नळ वाहत राहिला. डॉक्टरीणबाईंनी बरोबर आणलेला काटा मांडला: पंधरा किलो सहाशे. म्हणाल्या, सर, चूक तिची नाही आणि… असो. पण असं चालणार नाही.

मेहुणा हसला नाही. हसायला हवे होते. त्यासाठी माझ्याजवळ तीन उत्तरे तयार होती.

मुलगी परत आली. डोळे धुतलेले. म्हणाली, बाबा, ठरलं होतं तसं. आजपासून ती मामाकडे.

आक्षेप घेण्यास जागा नव्हती. शर्ती दोन होत्या, दोन्हींत नापास.

तेवढ्यात मेहुण्याने टेबलावरचा कबुलीजबाब उचलला. चष्मा लावून, कपड्याचे माप वाचावे तसा, ओळीखाली बोट फिरवत पूर्ण वाचला. म्हणाला, भाऊजी, नावाची जागा कोरी आहे. मग कागद माझ्या बाजूला सरकवला आणि त्यावर माझेच पेन ठेवले.

मी मसुदा पुन्हा वाचला. पळवाट शोधली. नव्हती. मी ती ठेवली नव्हती.

सही केली. दोन्ही प्रतींवर.

प्रतिवादी जिना उतरताना एकदा थांबली, वर पाहिले. मग मेहुण्याने पट्टा सैल सोडला आणि ती गेली. तिची वाटी माझ्याकडेच राहिली आहे. वाटीवर दावा सांगणार नाही, विसरले असतील.

३० मार्च, दुपारी ४

उजवा पाय थंड आहे.

३१ मार्च, सकाळी ९.४५

कलम तीन. साडेआठ वाजता खालच्या मजल्यावर हजर झालो. सबब चालणार नव्हती, शोधली होती.

मेहुण्याचे टेबल म्हणजे कापड बेतण्याचे टेबल. एका टोकाला खडू, कात्री, कोणाचा तरी अर्धवट कोट. दुसऱ्या टोकाला दोन बश्या. माझी पँट तेथे घडी करून ठेवली होती, दोन इंच आत घेतलेली. मुलीने नेऊन दिली म्हणे. वाटी मी बरोबर नेली होती. त्यात त्याने ती तपकिरी पिशवीतली, नाकारलेली, साधी दाणेदार वस्तू घातली.

प्रतिवादीने वाटी हुंगली आणि मागे सरली. मी काही बोललो नाही. कलमानुसार बोलता येत नव्हते. थोडे दाणे तळहातावर घेतले आणि डावीकडे धरले. तिने खाल्ले. मग आणखी. मग सगळे. मेहुणा घड्याळ पाहत होता. म्हणाला, भाऊजी, नऊ मिनिटं.

त्याचे खाद्य. त्याचे टेबल. त्याचा निकष. लिहिताना हात थांबतो, पण वस्तुस्थिती ती वस्तुस्थिती.

आणखी एक. अकरा वर्षांपूर्वीचे त्याचे विधान असे होते की मी वादात हरत नाही, म्हणून एकटा जेवतो. काल हरलो. आज टेबलाशी तिघे होतो. एका उदाहरणाने कोणतेही विधान सिद्ध होत नाही, हे त्याला सांगणार होतो. त्याने विचारले नाही, म्हणून सांगता आले नाही.

कुत्रीचे खाऊन झाल्यावर त्याने टोस्ट पुढे केला. बेकरी तीच. तेथे जाऊन पत्र परत मागावे लागणार. टोस्टला लोणी लावले, मधोमध मोडला. हात डावीकडे गेला. कुत्री तोवर मशीनखाली जाऊन झोपली होती.

मेहुण्याने घेतला.

दोन अर्धे समान असायला हवेत. नव्हते. मोठा त्याच्याकडे गेला. नोंद केली आहे.